वहीचे रसग्रहण

कवितेची समीक्षा करायला कवी असावे लागते, असे म्हणतात. (म्हणणारे बहुधा कवीच असतात.) पण जमाखर्चाची समीक्षा करण्याचा अधिकार मला निःसंशय पोचतो. मी बी.कॉम. आहे आणि २२ वर्षे बँकेत कारकून आहे. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे पैशापर्यंत जुळवायचे आणि घरी आल्यावर स्वतःच्या पाकिटातले २०० रुपये कुठे गेले ते सांगता येऊ नये, अशी माझी एकंदर योग्यता.

तेव्हा आज परीक्षणासाठी दोन कलाकृती घेतो. एक, आमच्या सौभाग्यवतींची वही. आणि दुसरी, चिरंजीवांनी माझ्या मोबाइलवर घालून दिलेले हिशेबाचे अ‍ॅप.

वही २०० पानी. पुढून घरखर्च सुरू होतो, मागून इस्त्रीवाल्याचा हिशेब, आणि साधारण दिवाळीच्या सुमारास दोघे समोरासमोर येतात. दूध मात्र वहीत नाही. ते कालनिर्णयवर. १९७३ पासून लोक कालनिर्णय घेतात ते तिथी पाहायला, असे प्रकाशकांना वाटत असेल. आमच्याकडे ते दुधाचे खाडे मांडायला लागते. एकादशीच्या चौकटीत ‘अर्धा लि. जास्त’ असे लिहिलेले सापडते.

वहीच्या शैलीबद्दल बोलायचे तर ती मितभाषी, पण सूचक आहे. ‘कोथिंबीर २० (!)’ ही नोंद पाहा. कंसातल्या त्या उद्गारचिन्हात महागाईवरचा अख्खा अग्रलेख आहे. ‘ह्यांच्या बहिणीला साडी १४००’ या ओळीखाली ‘माझ्या बहिणीला ब्लाउजपीस’ आहे आणि पुढे आकडाच नाही! ह्याला म्हणतात व्यंजना.

पण वहीचा खरा नायक म्हणजे ‘किरकोळ’. महिनाअखेर बेरीज जुळेनाशी झाली की हा प्रवेश करतो आणि राहील ती सगळी तूट पोटात घालतो. बँकेत आम्ही ह्याला सस्पेन्स खाते म्हणतो. पण तिथे ऑडिटर येऊन ‘हे काय?’ म्हणून विचारतो. आमच्या घरात ऑडिटरचे पद गेली १९ वर्षे रिकामे आहे.

वहीत दोष आहेत. ८ तारखेनंतर एकदम १५ उजाडते. बेरजा चुकतात. मार्चचे पान चिरंजीवांनी लहानपणी होडीसाठी नेले, ते पुराव्याअभावी अजून परत आलेले नाही.

आता अ‍ॅप. २०१६ साली यूपीआय आले आणि हळूहळू आपण १० रुपयांच्या पेरूचाही लेखी पुरावा मागे ठेवू लागलो. हे अ‍ॅप बँकेचे मेसेज वाचते आणि प्रत्येक खर्च आपल्या मनाने कुठल्या तरी सदरात टाकते. आमच्या वडापाववाल्याचे खाते कुठल्याशा ‘एंटरप्रायझेस’च्या नावावर आहे. त्यामुळे अ‍ॅपच्या मते मी दरमहा ८६० रुपयांचा धंदा करतो. हिला घरखर्चाला २०,००० पाठवले की तो खर्च. तिने त्यातून वाण्याला दिले की तो पुन्हा खर्च, कारण तिचे खातेही चिरंजीवांनी त्यालाच जोडले आहे. लुका पाचोलीने १४९४ साली व्हेनिसमध्ये दुहेरी नोंदीची पद्धत छापली, पण एकच खर्च दोनदा मांडा, असे तो म्हातारा कुठे म्हणाल्याचे आम्हाला शिकवले नव्हते.

तरी समीक्षकाने न्यायाने वागावे. ‘पहिला महिना फुकट’ म्हणून चिरंजीवांनी घेतलेले काहीतरी पुढचे ११ महिने १४९ रुपये खात होते, ते अ‍ॅपनेच पकडले. वहीला ते जन्मात दिसले नसते. बेरीज तर त्याने एकदाही चुकवलेली नाही. पण आयुर्मर्यादेचे काय? मायक्रोसॉफ्टचे ‘मनी’ विकायचे २००९ साली बंद झाले. अमेरिकेत लाखो लोकांचा हिशेब ठेवणारे ‘मिंट’ २०२४ मध्ये मिटले. वही बंद पडते ती फक्त पाने संपली म्हणून.

इथवर निकाल बरोबरीचा लावून मी मोकळा होणार होतो. पण मग गेल्या पावसाळ्यात काउंटरवर एक बाई आल्या. यजमान महिन्यापूर्वी अचानक गेलेले. बाईंनी पर्समधून त्यांचा मोबाइल काढला आणि माझ्यासमोर ठेवला. “ह्यांचं सगळं ह्यातच आहे.”

मी म्हणालो, “उघडा ना.”

“बोटानं उघडायचा हो. त्यांच्या.”

आमच्या शाखेतले खाते मी शोधून दिले. बाकीची कुठे, किती, त्यांना ठाऊक नव्हते. बेवारस ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेने २०२३ साली ‘उद्गम’ पोर्टल काढले आहे, पण त्यात ठेव दिसायला ती आधी १० वर्षे पडून राहावी लागते. बाईंना पुढच्या सोमवारी मुलीची फी भरायची होती.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी हिला विचारले, “अगं, माझी खाती कुठे कुठे आहेत, तुला माहीत आहे का?”

“तुमच्या बँकेत आहे की एक.”

मी वही मागून घेतली. शेवटचे पान इस्त्रीवाल्याकडे होते, म्हणून मधले एक काढले आणि लिहायला बसलो: बँका, पोस्टातले पीपीएफ, एलआयसीच्या दोन पॉलिश्या, प्रत्येकापुढे नॉमिनी कोण आणि कागद कुठल्या खणात. पासवर्ड तेवढे लिहिले नाहीत. बँकेत राहून एवढी अक्कल आली आहे. तासभर लागला. अ‍ॅपमध्ये हे सगळे दोन मिनिटांत झाले असते, माझ्या बोटाने.

हिने चष्मा लावून पान वाचले. मग खालच्या ओळीवर बोट ठेवले.

“अहो, स्टेशनजवळच्या बँकेतलं हे चौथं खातं कसलं?”

“ते... उगीच आपलं.”

“किती आहेत त्यात?”

“किरकोळ,” मी म्हणालो.

तिने माझ्या हातातले पेन घेतले आणि त्या ओळीपुढे कंसात एक उद्गारचिन्ह काढले.