बोट कुणाची, किनारा कुणाचा?

मिशनऱ्यांची आत्मचरित्रं वाचायला मला आवडतात, असं म्हटलं की मित्र चमकतात. मला त्यातल्या धर्मप्रचारात फारसा रस नसतो, प्रवासात असतो. बोटीत रचलेल्या पेट्या, कडेवर तान्हं मूल, आणि समोर हळूहळू मोठं होत जाणारं अनोळखी बेट. जॉन पेटन या स्कॉटिश मिशनऱ्याचं 1889 साली आलेलं आत्मचरित्र मी याच ओढीनं फोनवर वाचायला घेतलं. वाचून संपलं, पण त्याच्याशी माझं भांडण अजून संपलेलं नाही.

पेटन 1858 च्या नोव्हेंबरात पत्नी मेरीसह न्यू हेब्रिडीजमधल्या, म्हणजे आजच्या वानुआतूतल्या, तान्ना बेटावर उतरला. पुढच्या मार्चमध्ये बाळंतपणानंतर मेरी गेली आणि काही दिवसांत बाळही गेलं. कबर त्यानं स्वतःच्या हातांनी खणली. ही पानं वाचताना समीक्षा वगैरे सुचत नाही. आपण गप्प बसतो.

पण पुस्तक पुढे जातं, आणि गप्प बसणं अवघड होतं. बेटावरचे लोक त्याच्यावर संशय घेतात, त्याला जिवे मारायला उठतात. पेटन याला अंधार म्हणतो, अंधश्रद्धा म्हणतो. मात्र 1861 साली तान्नावर गोवराची भयंकर साथ आली आणि ती व्यापारी जहाजांतून आली, हेही तोच सांगतो. बोट आली की माणसं मरतात, हा तान्नाच्या लोकांचा अनुभव होता. मग त्यांनी प्रत्येक बोटीकडे संशयानं पाहिलं तर त्यात अंधश्रद्धा कुठली? पुरावा लेखकाच्याच पानावर आहे, निष्कर्ष मात्र तो उलटा काढतो. 1865 साली ब्रिटिश युद्धनौकेनं तान्नावर तोफा डागल्या, तेव्हा पेटन दुभाषी म्हणून त्याच नौकेवर होता. यावर त्याच्याच पंथातल्या लोकांनी टीका केली होती.

तरीही हे पुस्तक मी टाकून देणार नाही. 1866 मध्ये तो दुसरी पत्नी मॅगी आणि लहान मुलासह अनीवा या प्रवाळाच्या छोट्या बेटावर गेला. तिथली विहीर खणण्याची हकिकत पुस्तकातली सगळ्यात चांगली. पाऊस वरून पडतो, खालून कसा येईल, असा लोकांचा प्रश्न. नामाकेई हा त्यांचा प्रमुख काळजीत पडतो की या माणसाचं डोकं फिरलंय. पेटन माशांचे गळ मजुरी म्हणून देतो, तरी भिंत ढासळल्यावर कुणी आत उतरत नाही. इथे प्रथमच बेटवासी भित्रे किंवा क्रूर दिसत नाहीत. ते शहाणे, आपल्या अनुभवावर ठाम असलेले शेजारी दिसतात.

मॅगीची पत्रं 1894 साली वेगळ्या पुस्तकात आली. त्यांत घर आहे, मुलं आहेत, स्वतःवरचं हसू आहे. वाचताना मला सारखी लक्ष्मीबाई टिळकांची आठवण येत होती. नवऱ्याच्या मोठ्या ध्येयाची गोष्ट घरातून पाहिली की किती वेगळी दिसते, हे आपल्याला ‘स्मृतिचित्रे’नं शिकवलंय. पण लक्ष्मीबाईंची भाषा आणि त्यांचे वाचक एकाच मातीतले होते. मॅगीची पत्रं स्कॉटलंडच्या रोखानं लिहिलेली, वर दिरानं संपादित केलेली. म्हणून तीसुद्धा किनाऱ्याची गोष्ट पूर्ण सांगू शकत नाही.

ती कोण सांगू शकला असता? मला वाटतं, अब्राहम. शेजारच्या अनेइत्युम बेटावरून तान्नाला आलेला हा वयस्क धर्मशिक्षक. पेटन तापानं फणफणला होता, तेव्हा यानं त्याची शुश्रूषा केली. समुद्र यानंही ओलांडला होता, जिवावर यानंही बेतून घेतलं होतं. पेटन त्याची तोंडभरून स्तुती करतो. पण त्या पुस्तकात अब्राहमविषयी जे कळतं, ते पेटनच्या तोंडूनच.

अशा पुस्तकांत ‘दुर्गम बेट’ हा शब्द आला की आता मी थांबतो. दुर्गम कुणासाठी? अनीवाच्या माणसाला ते घर होतं. दुर्गम होतं ते स्कॉटलंड.