आभाराच्या पत्रांचे वाङ्मय

निर्वासितांच्या छावणीतील मुलाने, आपल्या शिक्षणाचा खर्च चालविणाऱ्या अपरिचित गृहस्थास लिहिलेले पत्र हा एक वाङ्मयप्रकारच मानावा, असे आमचे मत झाले आहे. कारण आम्ही त्याचे वाचक आहोत. कचेरीतील चौघा मराठी बिऱ्हाडांनी मिळून मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीतील एका मुलीचे शैक्षणिक पालकत्व सहा वर्षांपूर्वी पत्करले. तिची बारा पत्रे आमच्या टेबलाच्या खणात आहेत.

या प्रकाराची पूर्वपीठिका करुण आहे. 1959 साली दलाई लामांच्या मागोमाग जे तिबेटी हिंदुस्थानात आले, त्यांतील कित्येक आईबाप डोंगरांतील सडकांच्या कामावर गेले. मुलांचे हाल झाले. 17 मे 1960 रोजी जम्मूकडील अशा छावण्यांतून 51 मुले धरमशाळेस आणली गेली. दलाई लामांच्या वडील भगिनी त्सेरिंग डोल्मा यांनी त्यांचा सांभाळ केला. 1964 मध्ये त्या निवर्तल्यावर धाकट्या भगिनी जेत्सुन पेमा यांनी तो भार उचलला. त्या बालगृहाची पुढे मोठी संस्था झाली, आणि एका मुलामागे एक दाता ही पद्धत रूढ झाली. मुंडगोडची वसाहत 1966 ची. परंतु तेथील वाड्यांना लोक अजूनही ‘कॅम्प’च म्हणतात.

आता पत्रांविषयी. पहिल्या अकरा पत्रांची घडण एकच आहे : आरंभी प्रकृतीची चौकशी, मग पाऊसपाणी, मग परीक्षेचे गुण, शेवटी आभार. मसुदे लिहिण्यात ज्यांची उमेद गेली त्या आम्हा कारकुनांना हा मंजूर नमुना ओळखू येणारच. भाषा इंग्रजी; म्हणजे मुलीचीही नव्हे आणि आमचीही नव्हे. आमच्यातील एका सहकाऱ्यांनी तक्रार केली, की पत्रांत जिव्हाळा नाही. आम्हांस हा आक्षेप अन्यायाचा वाटतो. वर्षातून दोनदा, ठरल्या वेळी, न पाहिलेल्या माणसाविषयी जिव्हाळा मागणे ही वसुली झाली. दोष लेखिकेचा नसून वाचकाच्या अपेक्षेचा आहे.

मराठी वाचकाने येथे वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्याचे स्मरण करावे. आपल्या जुन्या आत्मचरित्रांत तो पुष्कळदा भेटतो. पंक्तीत शेवटी पडलेले पान, यजमानीणबाईंचा एखादा बोचरा शब्द, आणि क्वचित लाभलेली माया, हे सर्व तो मोकळेपणी सांगतो. कारण सांगतो तेव्हा तो प्रौढ आणि मिळवता असतो. जेवता जेवता त्याला कोणी निबंध लिहावयास सांगितले नव्हते. छावणीतील मुलाला मात्र ताट पुढे असतानाच लिहावे लागते. एवढा भेद ध्यानी घेतला म्हणजे त्या पत्रांतील कोरडेपणा हा कोरडेपणा न वाटता अब्रूची राखण वाटू लागतो.

पत्रे बंद करावीत, असे मात्र आमचे म्हणणे नाही. नाव आणि हस्ताक्षर डोळ्यांपुढे असले म्हणजे दात्याची वर्गणी थकत नाही, हा अनुभव आहे. (आमच्या चौघांतही दोनदा ती थकली होती, पत्र आले आणि लाजेने भरली गेली.) आभाराचा परिच्छेद तेवढा ऐच्छिक करावा. दात्यानेही आधी आपले काही लिहावे. आम्ही सहा वर्षांत पैशांखेरीज काय पाठविले?

गेल्या दिवाळीत प्रथमच आम्ही चार ओळी लिहिल्या : गाव कोणते, बदली कोठे झाली, येथे मराठी माणसे किती. त्यावर आलेले बारावे पत्र अगदी निराळे आहे. त्यात गुण नाहीत, आभारही नाहीत. तिच्या शाळेत खालच्या वर्गांना तिबेटीतून शिकवितात, तेव्हा आजीला धडे वाचून दाखविता येत असत. आता विज्ञान इंग्रजीत आहे आणि आजी नुसती ऐकत बसते, असे ती लिहिते. आणि विचारते, की तुम्हीही गावापासून दूर राहता, तर तुमची मुले शाळेत कोणत्या भाषेत शिकतात?

पत्र चारही बिऱ्हाडांत फिरून आले आहे. उत्तराचा मसुदा अद्याप कोणी केलेला नाही.