कन्यापद आणि रोमन स्त्री : जूडिथ हॅलेट यांचे संशोधन

लॅटिन काव्यात दिसणारी स्त्री आणि रोममध्ये प्रत्यक्ष वावरणारी स्त्री यांत अंतर किती, हा जूडिथ हॅलेट यांच्या संशोधनाचा मूळ प्रश्न होय. हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट १९७१ साली संपादन केल्यावर १९७३ साली ‘अरेथ्यूसा’ या नियतकालिकात त्यांचा रोमन प्रेमकाव्यावरील निबंध प्रसिद्ध झाला. प्रोपर्टियसादी कवींनी प्रेयसीला स्वामिनीपद देऊन रूढ समाजमूल्यांना आव्हान दिले, असे प्रतिपादन त्यात होते. परंतु ही स्वामिनी कवीचीच निर्मिती. तिच्यावरून स्त्रीच्या वास्तव प्रतिष्ठेचा निर्णय करणे कठीण.

‘फादर्स अँड डॉटर्स इन रोमन सोसायटी’ (१९८४) या ग्रंथाची भूमिका अधिक भक्कम आहे. कायद्याने पुरुषसत्तेखाली असलेली कुलीन स्त्री राजकारणात वजनदार कशी ठरे? हॅलेट यांच्या मते, ती प्रथम पित्याची कन्या होती म्हणून. भगिनी व माता या नात्यांचे महत्त्वही त्यातूनच उद्भवले. ग्राखस बंधूंची माता कोर्नेलिया ही स्किपिओची कन्या म्हणूनही गौरविली गेली. तुल्लिया इ. स. पू. ४५ मध्ये निवर्तल्यावर सिसरोने केलेला शोक त्याच्या पत्रांत आहे.

मामाभाच्यांच्या जिव्हाळ्याचे मूळही हॅलेट कन्येच्या महत्त्वात शोधतात. येथे शब्दांचा आधार मात्र जपून घ्यावयास हवा. मामा या अर्थाचा ‘आवुंकुलुस’ हा शब्द आजोबावाचक ‘आवुस’पासून साधला आहे, पण व्युत्पत्तीवरून भावना सिद्ध होत नाही. मराठीत चांदोबा मामा आहे, तसे कंस आणि शकुनी हेही मामाच.

कन्येच्या नावाचा पुरावाही दुधारी आहे. तुल्लिउसची कन्या ती तुल्लिया, आणि दुसरी झाली तर तीही तुल्लियाच. ते नाव कुळ सांगते, व्यक्ती सांगत नाही.

म्हणूनच सुल्पिकियाचे काव्य मोलाचे ठरते. तिबुल्लुसच्या संग्रहात सामान्यतः तिच्या सहा लहान कविता मानल्या जातात. हॅलेट अकरा मानतात. कर्तृत्वाचा हा वाद बाजूस ठेवला तरी, त्या सहांपैकी एकीत ती स्वतःला सेर्विउसची कन्या म्हणविते. पुरुषांच्या काव्यातून न मिळालेले उत्तर येथे स्त्रीच्या स्वतःच्या शब्दांत मिळते. मात्र त्याच कवितेतील प्रतिस्पर्धिनी, लोकरीची टोपली वाहणारी ती हीन मानलेली स्त्री, निनावीच राहते. रोमन कायद्याने दासीला पिताच नव्हता. कन्यापदाच्या सिद्धान्ताचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या एकाच कवितेत एकत्र दिसतात.