मंत्रचळाच्या रुग्णांतील अनाहूत विचार व समजुतींचे मापन : एक चिकित्सा

प्रस्तावना :
नकोसा विचार मनात येणे हे मुळात विकृतीचे लक्षण नव्हे. असे विचार सामान्य व्यक्तींनाही येतात व आशयाने ते रुग्णांच्या विचारांशी मिळतेजुळते असतात, हे रॅचमन व डी सिल्व्हा यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले. साल्कोव्हस्किस यांनी १९८५ मध्ये भेदाचे मूळ विचाराला लावलेल्या अर्थात शोधले. हातातले मूल खाली टाकण्याची कल्पना एखाद्या आईच्या मनाला क्षणभर चाटून जाते. 'असा विचार आला, म्हणजे मी घातकी आहे' ही समजूत मात्र व्याधीचे बीज ठरते. ही समजूत मोजण्याच्या प्रयत्नांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

मापनसाधनांचे स्वरूप :
विविध देशांतील संशोधकांच्या कार्यगटाने दोन साधने विकसित केली. पहिल्या प्रश्नावलीत ८७ विधाने व सहा क्षेत्रे होती. २००५ मध्ये घटक विश्लेषणानंतर ४४ विधाने व तीन क्षेत्रे राहिली : जबाबदारी व धोक्याचा अवाजवी अंदाज, परिपूर्णता व निश्चिततेचा आग्रह, विचारांचे महत्त्व व नियंत्रण. दुसऱ्या, ३१ विधानांच्या शोधिकेत रुग्ण आधी स्वतःचे अनाहूत विचार नोंदवितो व त्यांच्याच संदर्भात उत्तरे देतो.

चिकित्सा :
साल्कोव्हस्किस यांच्या मांडणीला दुसरे साधन अधिक जवळचे आहे. परंतु तीन क्षेत्रे गृहीत धरून रचलेल्या या शोधिकेत विश्लेषणाअंती एकच घटक आढळला. रुग्ण विचाराला अवाजवी अर्थ देतो, एवढे त्यातून कळते. तो अर्थ जबाबदारीचा की नियंत्रणाचा, हे वेगळे होत नाही. प्रश्नावलीची अडचण निराळी आहे. परिपूर्णतेचा व निश्चिततेचा आग्रह केवळ मंत्रचळातच आढळतो असे नाही. चिंताविकृतीच्या रुग्णांतही तो दिसतो. उलटपक्षी, टेलर व सहकाऱ्यांना २००६ मध्ये मंत्रचळाच्या रुग्णांचा असाही गट आढळला की, ज्यांचे समजुतींवरील गुण सामान्य व्यक्तींच्या पातळीवरच होते. म्हणजेच अधिक गुण हा व्याधीचा पुरावा ठरत नाही व कमी गुण हा तिच्या अभावाचा पुरावा ठरत नाही.

निष्कर्ष :
उपरोक्त आईचे गुण कमी आले, म्हणून तिची व्यथा लटकी ठरत नाही. लक्षणांची तीव्रता येल-ब्राऊन मापनीसारख्या साधनाने स्वतंत्रपणे पाहणे व विचाराचा अर्थ रुग्णाच्याच शब्दांत मुलाखतीतून जाणून घेणे अगत्याचे आहे. समजुतींच्या गुणांनी या मुलाखतीला दिशा द्यावी. तिची जागा घेऊ नये.