कृत्रिम बुद्धिमत्ता आणि निर्मात्याची संमती : पेटंट व स्वामित्व हक्क कायद्याची चिकित्सा

प्रस्तावना

वर्धा जिल्ह्याची वैचारिक ओळख गांधी-विनोबांच्या वाङ्मयाशी निगडित आहे. निर्मितीवरील हक्क राखावा की सोडावा, हे कोणी ठरवावे, हा बौद्धिक संपदेचा मूलभूत प्रश्न गांधीजींच्या आचरणातही दिसून येतो. 'हिंद स्वराज'च्या १९१० मधील इंग्रजी आवृत्तीवर त्यांनी हक्क राखले नाहीत. पुढे मात्र आपल्या लेखनाचे हक्क नवजीवन ट्रस्टकडे सोपविले. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. शोधकाला पेटंट घेण्याची मुभा होती; पारितोषिक हवे असल्यास मात्र ते हक्क संघाच्या स्वाधीन करणे आवश्यक होते. या तिन्ही प्रसंगी निर्णय निर्मात्याच्या हाती होता. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संदर्भात नेमके हेच सूत्र धोक्यात आले आहे.

विवेचन

भारतीय पेटंट कायदा, १९७० 'खरा व पहिला शोधक' ही संकल्पना मानतो. 'डॅबस' या संगणक प्रणालीला शोधक म्हणून मान्यता मिळविण्याचा स्टीफन थेलर यांचा प्रयत्न ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२३ रोजी फेटाळला. तेथील कायद्यानुसार शोधक ही मानवी व्यक्तीच असावी लागते. भारतीय स्वामित्व हक्क कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती कृती घडवून आणणारी व्यक्ती, अशी व्याख्या केली. परंतु केवळ सूचना देणारा वापरकर्ता कृती 'घडवून आणतो' की प्रणाली उभारणारी कंपनी, याचा उलगडा ही व्याख्या करीत नाही.

याहून गंभीर उणीव अशी की, हा सारा विचार यंत्रातून बाहेर पडणाऱ्या कृतीचा आहे. यंत्राच्या प्रशिक्षणासाठी वापरलेल्या लेखनाचा नाही. गांधीजींचे लेखन १ जानेवारी २००९ पासून हक्कमुक्त झाले. १९८२ मध्ये निवर्तलेल्या विनोबांच्या लेखनाला साठ वर्षांच्या सर्वसाधारण नियमानुसार २०४२ अखेरपर्यंत संरक्षण आहे. प्रशिक्षणाच्या प्रक्रियेला मात्र हा भेद आपोआप कळत नाही. एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात २०२४ मध्ये दाखल केलेल्या दाव्याच्या मुळाशीही परवानगीविना झालेला वापर हाच आक्षेप आहे.

केंद्र शासनाच्या उद्योग संवर्धन विभागाने नेमलेल्या समितीने डिसेंबर २०२५ मध्ये सक्तीच्या सरसकट परवान्याचा प्रस्ताव मांडला. त्यानुसार निर्मात्यास मानधन मिळेल, परंतु नकार देता येणार नाही. एकट्या मराठी लेखकास बलाढ्य कंपनीशी वाटाघाटी करणे अशक्य असल्याने अशी व्यवस्था त्याच्या हिताचीच ठरेल, हा युक्तिवाद दुर्लक्षणीय नाही. तथापि वाटाघाटीतील दुर्बलता हे संमती काढून घेण्याचे कारण होऊ शकत नाही. सामूहिक परवाना आणि वैयक्तिक नकार यांची सांगड घालता येते.

समारोप

मानधन हा वापराचा मोबदला आहे. तो संमतीचा पर्याय नव्हे. स्वेच्छेने सोडलेला हक्क त्याग ठरतो, सक्तीने घेतलेला हक्क नव्हे. म्हणून प्रशिक्षणासाठी वापरलेल्या साहित्याची जाहीर नोंद आणि निर्मात्यास नकाराचा अधिकार, या दोन तरतुदी कोणत्याही नव्या कायद्यात अनिवार्य ठरतात.