जुना बाजार आणि इतिहाससाधनें : संग्राहकांच्या एका संवयीचें परीक्षण

जुन्या वस्तूंच्या शोधार्थ बाजार धुंडाळणें हा कित्येकांस केवळ छंद वाटतो. तथापि आम्हां कागदपत्रांच्या उपासकांस त्याचा उपहास करितां येणार नाहीं. पुण्यास मंगळवार पेठेंत बुधवारीं व रविवारीं भरत आलेला जुना बाजार, मुंबईस भेंडी बाजारानजीकचा मटन स्ट्रीटवरील चोर बाजार, आणि गांवोगांवचीं रद्दीचीं दुकानें ह्यांतून आजवर किती कागद, नाणीं व पोथ्या अभ्यासकांच्या हातीं आल्या, ह्याची गणती करणें कठीण. वाडे पडले, वांटण्या झाल्या, मोडी वाचणारी पिढी सरली, आणि माळ्यावरचीं दफ्तरें खरोखरच मोडींत निघालीं. तीं विकत घेणारा कोणी तरी उभा होता म्हणून त्यांतील कांहीं वांचलीं. हें ऋण प्रथम मान्य करून मगच आम्ही प्रस्तुत टीकेस हात घालतों. कारण ही टीका बाजारावर नसून, बाजारांत जाणाऱ्या आपणां सर्वांच्या एका संवयीवर आहे.

ती संवय अशी. ढिगांतून एक नामी वस्तु निवडून काढावी आणि बाकीचा ढीग तेथेंच सोडून यावें. मोर्तब ठसठशीत उठलेलें पत्र घ्यावें, हिशेबाचे बंद टाकावे. पोथींतील चित्राचें पान घ्यावें, नुसत्या अक्षरांचीं पानें टाकावीं. अक्षरें स्पष्ट असलेली शिवराई उचलावी, झिजलेल्या दहा तशाच राहूं द्याव्या. संग्राहकाच्या भाषेंत ह्यास पारख म्हणतात. इतिहासाच्या भाषेंत ह्यास साधनांचा विध्वंस म्हणावें लागतें. हें विधान कठोर वाटेल, म्हणून त्याचीं कारणें मांडतों.

प्रथम कागद घेऊं. पेशवाईंतील पत्रांवर पुष्कळदां ‘छ’ हें अक्षर, चंद्राची तारीख आणि मुसलमानी महिन्याचें नांव एवढेंच असतें. सालाचा पत्ता नसतो. सुहूर सन दिला असेल तर त्यांत ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन निघतो. फसली असेल तर ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात. पण जेथें सनच लिहिलेला नाहीं, तेथें काय करावें? पत्रांत आलेली एखादी स्वारी, कोणाचा मृत्यु, कोणाची नेमणूक हा अंतर्गत पुरावा झाला. त्याच्या जोडीस, त्याच रुमालांत मागें-पुढें बांधलेले कागद हा मोठा आधार. एका पत्रांत विचारणा, दुसऱ्यांत तिचें उत्तर, तिसऱ्या टिपणांत त्याच कामाचा खर्च, आणि त्या टिपणावर नेमकें साल ! ज्या हिशेबाच्या बंदास आपण नीरस म्हणून टाकितों, तोच कित्येकदां शेजारच्या सरस पत्राचा साक्षीदार असतो. रुमाल सुटला, कागद दहा गिऱ्हाइकांस गेले, कीं ती साक्ष कायमची बुडाली.

वि. का. राजवाडे ह्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तो वाई येथें सांपडलेल्या कागदांच्या जोरावर. १७५० ते १७६१ ह्या अकरा-बारा वर्षांतील पत्रव्यवहार एकत्र हातीं आला म्हणून पानिपतापर्यंतच्या घडामोडींची संगति लावण्यास आधार मिळाला. तींच पत्रें एकेक करून निरनिराळ्या दिवाणखान्यांत कांचेआड गेलीं असतीं, तर प्रत्येक यजमानास एक शोभेची वस्तु मिळाली असती आणि महाराष्ट्रास तो खंड मिळाला नसता.

नाण्यांची गोष्ट निराळी नाहीं. मडक्यांत पुरलेला संचय सांपडला, तर त्यांतील सर्वांत अलीकडचें नाणें पाहून तो कोणत्या काळापूर्वीं पुरला गेला नसावा हें ठरतें; आणि कोणत्या राजांचीं नाणीं एकत्र चालत होतीं हेंही कळतें. संचय फुटून बाजारांत आला म्हणजे नाणीं राहतात, पण हें ज्ञान राहत नाहीं. त्यांतच ‘श्री राजा शिव’ हीं अक्षरें उठून दिसावीं म्हणून चिंचेनें घासून नाणें लखलखीत करण्याची खोड आहे. घासण्यानें शतकांचा थर जातो आणि त्याबरोबर अक्षरांची कडही जाते. उलट शिवकालीन होन म्हणून जे खपविले जातात, त्यांत नकलांचा सुळसुळाट आहे. अस्सल होन ठशाखालीं ठोकून पाडलेला असे. ओतीव नकलेच्या पृष्ठावर बारीक खड्डे आणि काठावर सांध्याची रेघ पुष्कळदां दिसते. खरें घासून बिघडवावें आणि खोटें जपून ठेवावें, असा हा उफराटा न्याय आहे.

पोथ्यांची दशा तर अधिक शोचनीय. लेखकाचें नांव, गांव व शक हीं बहुधा अखेरच्या पुष्पिकेंत असतात. सुट्या पानाच्या विक्रींत पुष्पिका एकीकडे आणि ग्रंथ दुसरीकडे जातो. जुन्या वह्यांच्या व मुद्रांकित कागदांच्या पानांवर नवीं चित्रें रंगवून विकण्याचा धंदा राजस्थानाकडे चालतो, हें जाणत्यांस ठाऊक आहेच. रंग जर मूळच्या अक्षरांवर चढलेला असेल, किंवा चित्राचा मजकुराशीं कांहींच संबंध नसेल, तर घेणाऱ्यानें तेथेंच सावध व्हावें. तसेंच, कागद मोडी आहे एवढ्यावरून तो पेशवाईंतला ठरत नाहीं. इंग्रजी अमलांतही सावकारांच्या वह्या मोडींतच लिहिल्या जात होत्या.

येथपर्यंत दुसऱ्यांस शहाणपण सांगितलें. आतां स्वतःचा अपराध. कांहीं वर्षांपूर्वीं एका रविवारीं जुन्या बाजारांत जमिनीवर पसरलेल्या फडक्यावर वीतभर उंचीचा मोडी कागदांचा गठ्ठा आम्हीं पाहिला. वरवर चाळतां त्यांत धान्याचे हिशेब दिसले. मधोमध एक पत्र मात्र सुरेख होतें. मोर्तब जसेंच्या तसें. घासाघीस करून आम्हीं तेवढें एकच घेतलें आणि मोठ्या आनंदानें घरीं आलों. वाचूं लागलों तों तारीख व महिना आहे, साल नाहीं. आणि मजकूर असा कीं, सोबतच्या यादीप्रमाणें गल्ला किल्ल्यावर पोंचता करावा. ती यादी कोठें असणार, हें सांगावयास नकोच. बुधवारीं धांवत गेलों. विक्रेत्यानें शांतपणें सांगितलें कीं, उरलेला गठ्ठा त्यानें रद्दींत घातला. तो कोणत्या वाड्यांतून आला होता हेंही त्यास आठवेना. पत्र आजही आमच्याजवळ आहे. त्यास साल नाहीं, गांव नाहीं, यादी नाहीं. मित्रमंडळी मोर्तब पाहून वाहवा करितात, तेव्हां आम्ही विषय बदलतों.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, सबंध गठ्ठा घेण्यास पैसा कोठून आणावा, आणि ठेवावा तरी कोठें? आक्षेप खरा आहे. पण आज प्रत्येकाच्या खिशांत छायाचित्रें घेणारा दूरध्वनि आहे. गठ्ठा सोडण्यापूर्वीं तो होता त्या क्रमानें टिपून घेण्यास फारसा खर्च नाहीं, जागा तर मुळींच लागत नाहीं. विक्रेत्याची संमति व अर्धा तास एवढेंच लागतें. राजवाड्यांस हें साधन लाभलें नव्हतें. त्यांनीं हातानें नकला केल्या.

कायद्यावर भार टाकूनही भागणार नाहीं. १८७८ च्या निखातनिधीच्या कायद्यान्वयें दहा रुपयांहून अधिक किंमतीचें पुरलेलें धन सांपडल्यास कलेक्टरास कळविणें प्राप्त आहे. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यान्वयें शंभर वर्षांवरील वस्तु, आणि ऐतिहासिक वा वाङ्मयीन महत्त्वाचें पंचाहत्तर वर्षांवरील हस्तलिखित, ही पुरावस्तु ठरते. तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो व खासगी व्यक्तीस ती परदेशीं धाडितां येत नाहीं. तथापि नोंदणीची सक्ती चित्रित पोथ्यांस लागू झाली. चित्र नसलेला मोडी बंद तींतून सुटला. म्हणजे कायद्याची दृष्टीही संग्राहकाच्या दृष्टीप्रमाणेंच देखण्या वस्तूवर खिळली ! हिशेबाच्या बंदाचें रक्षण करावयाचें तर तें घेणाऱ्याच्या विवेकानेंच होईल.

असा विवेक असंभाव्य नाहीं. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) ह्यांनीं जन्मभर दिवे, अडकित्ते, दरवाजे अशा, ज्यांस घरचे लोकही मोल देत नसत त्या वस्तु जमविल्या. त्यांच्या संग्रहालयांत उभारलेला मस्तानीमहाल कोथरुडाहून आणिला, हें पाहणाऱ्यास ठाऊक असतें म्हणूनच त्या खांबांस अर्थ आहे. स्थळ विसरलें असतें तर तेंच काम नुसतें नक्षीचें लांकूड ठरलें असतें.

तेव्हां आमची वाचकांस विनंति एवढीच. गठ्ठा फोडूं नये. फोडावा लागलाच तर आधीं टिपून घ्यावा. कागद कोणत्या गांवाहून आला हें विक्रेत्यास विचारावें. घराण्याचें नांव तो न सांगेल, गांव बहुधा सांगेल. खरेदीची तारीख व स्थळ निराळ्या चिठीवर लिहून ती वस्तूबरोबर ठेवावी. नाणें घासूं नये. आणि ज्यांच्याजवळ आमच्या त्या पत्रासारखीं एकाकीं पत्रें पडलीं असतील, त्यांनीं त्यांच्या नकला संशोधनसंस्थांस द्याव्या. कोण जाणे, एकाजवळ पत्र असेल, दुसऱ्याजवळ यादी असेल, आणि दोघेही एकाच गांवांत राहत असतील.