तीच वेस, नवी विहीर

शिळ्या कढीला ऊत आणण्याची आपल्याकडे उगाच बदनामी झाली आहे. ऊत कोण आणतो आणि आणताना पातेल्यात आणखी काय घालतो, हे कुणी बघतच नाही. निन्टेंडो या जपानी कंपनीने अशीच एक कढी पुन्हा चुलीवर चढवली, तिचं हे परीक्षण. आता व्हिडिओ गेमचं परीक्षण बँकेच्या कारकुनाने का करावं, असं विचाराल, तर त्या खेळातल्या राज्याचं चलन 'रुपी' आहे. तेव्हा अधिकार आमचाच.

२०१७ साली 'झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड' आला. हायरूल नावाचं राज्य आणि त्यात लिंक नावाचा एक अबोल पोरगा. डोंगर दिसला की चढायचा, नदी दिसली की पोहायची, कुणी अडवत नाही. याला ओपन वर्ल्ड म्हणतात. आपल्याकडे 'वाया गेलाय' म्हणतात. १२ मे २०२३ ला पुढचा भाग आला, 'टिअर्स ऑफ द किंगडम'. बघतो तो राज्य तेच! डोंगर जागच्या जागी, गावं तीच आणि अमेरिकेतली किंमत मात्र साठ डॉलरवरून सत्तरवर. मराठी माणसाच्या कपाळाला आठी पडणारच.

योगायोग असा, की त्याच महिन्याच्या २६ तारखेला समृद्धी महामार्गाचा शिर्डी ते भरवीर टप्पा सुरू झाला आणि आमच्या सिन्नर तालुक्यावरही एक नवा मजला चढला. पण त्या मजल्यावर दुचाकीला बंदी, आणि नागपूरहून निघालेला गृहस्थ गोंदेश्वराचं देऊळ न बघताच सुसाट पुढे जातो. खेळातला नवा मजला याच्या अगदी उलट. आकाशात बेटं तरंगतात खरी, पण तिथून उडी घ्यायची ती खालच्या ओळखीच्या मुलखावरच. शिवाय चाकं, पंखे नि फळ्या जोडून वाहन आपणच बनवायचं. टोलनाका नाही.

खरी गंमत जमिनीजवळ आहे. पहिल्या भागात डोंगर चढताना पाऊस आला की पाय घसरायचे. दुसऱ्या भागात त्याच डोंगराच्या पोटात गुहा निघते आणि लिंक तिच्या छतातून पोहत थेट माथ्यावर डोकं काढतो. ही विद्या मुळात खेळ बनवणाऱ्यांनी तपासणी करताना स्वतःची पायपीट वाचावी म्हणून केलेली सोय होती; ती त्यांनी खेळणाऱ्यालाच देऊन टाकली. (बँकेत अशी सोय असती, तर प्रमोशनच्या परीक्षेला कोण बसलं असतं?) मुद्दा असा, की डोंगर तोच, पण आता तो आतून माहीत झाला. विहिरींचंही तेच. गावोगावच्या विहिरीत आता उतरता येतं.

आपल्याकडे सचिन पिळगांवकरांनी हेच केलं. २००४ च्या 'नवरा माझा नवसाचा'त मुंबईहून गणपतीपुळ्याला एसटी निघाली होती. २०२४ च्या दुसऱ्या भागात कोकण रेल्वे निघाली आणि कंडक्टर असलेले अशोक सराफ टीसी झाले. नवस, देव, कोकण सगळं तेच. वाहन बदललं की माणसं वेगळी भेटतात.

लुरेलिन नावाचं कोळ्यांचं एक गाव पहिल्या भागात निवांत होतं. मासळी, नारळाची झाडं, समुद्र. पाहुण्याने एकदा फेरी मारावी आणि निघावं. दुसऱ्या भागात जावं, तर चाच्यांनी ते लुटून मोडून टाकलेलं. त्या क्षणी पोटात जे तुटतं, ते नव्या कोऱ्या गावासाठी तुटलं नसतं. मग चाच्यांना हुसकायचं, पंधरा ओंडके आणि वीस मापं तांदूळ आणून द्यायचे, की गाव उभं राहू लागतं. साठ डॉलरचा तो जुना नकाशा इथे वसूल होतो.

तिसरा मजला जमिनीखाली, अंधारात. वर नदी तिथे खाली भिंत, वर डोंगर तिथे खाली खड्डा. कल्पना झकास, पण दोन तास हिंडल्यावर स्टोअररूममध्ये जुनी व्हाउचरं शोधल्यासारखं वाटतं.

माझी मोठी तक्रार मात्र विसराळूपणाची आहे. पहिल्या भागातली ठिकठिकाणची यंत्रं आणि देवळं कुठे गेली, याचा खुलासा नाही. ज्यांच्यासाठी लिंकने उन्हातान्हात हेलपाटे घातले, त्यांतले बरेचजण 'आपण कोण?' म्हणून विचारतात. आणि हातेनो गावचं ते घर! पहिल्या भागात कंत्राटदाराने पन्नास हजार सांगितले होते. घासाघीस न करताच तीन हजार रुपी आणि लाकडाच्या तीस मोळ्यांवर सौदा झाला. दुसऱ्या भागात तिथे राजकन्या झेल्डाचा संसार मांडलेला. गावकरी त्याला राजकन्येचं घर म्हणतात आणि मागच्या विहिरीत तिने अभ्यासाची खोलीही करून घेतली आहे. खरेदीखत नाही, सातबाऱ्यावर नोंद नाही, भाडेपावती तर नाहीच. आणि लिंक, मुळातच अबोल, दारात उभा राहून आपल्याच घरात पाय ठेवावा की नाही, याचा विचार करतोय.